दुसऱ्याचा गालिचा

"आपला असता तर पडला असता कोपऱ्यात. दुसऱ्याचा आहे, बाय, म्हणून जपायचा."

असं म्हणत काका तो गालिचा दोरीवर टाकायचे आणि पालथ्या हाताने हलकेच झटकायचे. दर तीस दिवसांनी, एकदाच. त्या काळी इस्रायलमधल्या येरुहाम गावी तुम्ही आमच्या वसाहतीत असता, तर हे दृश्य तुम्हीही पाहिलं असतं, आणि आमच्यासारखे हसलाही असता.

मी तेव्हा नुकतीच आले होते. अलिबागची शाळा, मुंबईची बी.ए.; आमच्या घराण्यातली पहिली पदवी. काका आमचे शेजारी. मूळचे आमच्यासारखेच कोकणातले ज्यू, इथे फरशा भाजायच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. बासष्टच्या अखेरीस, थंडीत, बेरशेबा शहराला जाणारी बस निघून गेल्यावर थांब्यामागे त्यांना तो गालिचा सापडला, सुतळीने बांधलेला. पोलिसांत कळवलं. कोणी आलं नाही.

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, दुपारी काका मोरोक्कोहून आलेल्या हाखामांकडे, आमच्या धर्मगुरूंकडे, तालमूद हा धर्मनियमांचा ग्रंथ शिकायला जात. साठीला आलेला माणूस, हिब्रू अर्धीमुर्धी. तिथे नेमकं सापडलेल्या वस्तूंचं प्रकरण चाललं होतं. सापडलेलं वस्त्र तीस दिवसांतून एकदा झटकावं. पसरायचं तर त्या वस्त्राच्याच भल्यासाठी, आपल्या मिरवण्यासाठी नाही. बाकीचे हे ऐकून घरी जाऊन झोपले. काकांनी घरी जाऊन दोरी बांधली.

काकी मेटाकुटीला आल्या. एकदा व्याही यायचे होते.

"अहो, आज तरी अंथरा. फाटक्या चादरीवर बसवू काय त्यांना?"

"बसव. चादर आपली आहे."

"आणि गालिचा?"

"तो पण पाव्हणाच आहे आपल्याकडे."

व्याही चादरीवर बसले.

मालकाचा शोध लावायला जाहिरात हवी, म्हणून काका माझ्याकडे आले. "शिकलेली आहेस, चार ओळी लिही." मी मन लावून, नव्याने शिकलेल्या हिब्रूत लिहिलं: लोकरीचा गालिचा, लाल, कडेला काळे पट्टे, एक कोपरा झिजलेला. सविस्तर लिहिण्याबद्दल मला शाळेत नेहमी शाबासकी मिळायची. कागद थांब्यावर चिकटवून आले. दुसऱ्या दिवशी काकांच्या दारात तिघं उभे. तिघांचा गालिचा लाल, तिघांचे पट्टे काळे!

काकांनी तिघांना चहा पाजला, गालिचा एकालाही दिला नाही. मग माझ्याकडे आले. रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

"बाय, सापडलंय एवढंच सांगायचं असतं. ओळख ज्याची वस्तू त्यानं पटवायची. तू सगळी ओळख वाटून टाकलीस. आता खरा धनी आला तर बिचाऱ्यानं सांगायचं काय?"

मला रडू आलं. ज्याच्यासाठी लिहिलं, त्याचीच वाट मी बंद केली होती.

"रडतेस काय? धन्याला आणखी काही ठाऊक असेल. बघू."

पुढच्या वेळी झटकताना त्यांनी गालिचा उलटा केला, बराच वेळ निरखला आणि गुंडाळून ठेवला. काय दिसलं ते मला सांगितलं नाही. म्हणाले, "तू लिहून टाकशील!"

मग ते सणासुदीला बेरशेबाला जाऊ लागले. जिथे माणसं जमतात तिथे पुकारा करावा, हेही त्या शिकवणीतलंच. थांब्यावर उभे राहून मोडक्या हिब्रूत ओरडायचे, "येरुहामला वस्तू सापडलीय!" कोणती, ते सांगायचे नाहीत. लोक त्यांना लॉटरीवाला समजायचे. कारखान्यातले म्हणायचे, "वीक आणि मोकळा हो." आमच्यातलेही टोमणे मारायचे, "लग्न नोंदवायला गेलं तर इथले धर्माधिकारी आपण खरे ज्यू की नाही म्हणून आपल्याच आज्या-पणज्यांचे पुरावे मागतात, आणि तुम्ही ह्या लोकांचे गालिचे झटका!"

"मागू देत. त्यांच्यापुढचं पान ते वाचतील. माझ्यापुढे हे उघडलंय."

चौसष्टच्या पेसाखच्या सणानंतर नेतिवोत गावाहून एक विधवा बाई लेकीला घेऊन आल्या. मोरोक्कोच्या डोंगरातल्या. त्या थंडीत चार मुलं सांभाळत येरुहामहून बेरशेबामार्गे जाताना गालिचा मागे राहिला होता. तो बेरशेबाला हरवला असं समजून त्या तिथेच शोधत राहिल्या. सणात लेकीने काकांचा पुकारा ऐकला.

"ओळख सांगा," काका म्हणाले.

"लाल. काळे पट्टे."

काकांनी मान हलवली. "ते सगळ्या येरुहामला ठाऊक आहे. ही आमची बी.ए. चिकटवून आली होती."

बाईंनी डोळे मिटले. बोटं हवेत विणल्यासारखी हलू लागली.

"उलट्या बाजूला. झिजलेल्या कोपऱ्याजवळ सात निळ्या गाठी. आईची लाल लोकर संपली होती. माझ्या लग्नासाठी विणत होती ती. आता हिचं लग्न आहे."

काकांनी अंगणात सगळ्यांसमोर गालिचा उलटा केला. मी आकडा मराठीत सांगितला, तशा काकी गुडघे टेकून मोजू लागल्या. "सात! अगो, सातच!" असं ओरडून त्यांनी त्या बाईंना मिठीच मारली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण दोघी एकदमच बोलत होत्या. बाईंनी गालिच्यात तोंड खुपसलं. दीड वर्षाने परत मिळालेल्या त्या लोकरीला धुळीचा वास नव्हता. मी भिंतीला टेकून पुन्हा रडले. काका अंगणातली दोरी सोडू लागले.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते त्या प्रसंगानंतरच्या शब्बाथच्या दुपारचे. हाखामांनी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

"आज तुम्ही शिकवा."

"मला हिब्रू कुठे धड येते, हाखाम?"

"मग तुमच्या भाषेत शिकवा."

आणि काका आमच्या कोकणातल्या मराठीत शिकवू लागले. आधी अडखळत, मग खणखणीत. मी बायकांच्या पडद्याआडून पाहत होते. मोरोक्कोच्या त्या म्हाताऱ्यांना एक अक्षर कळत नव्हतं. तरी एकही उठला नाही. काका थांबले, की सगळे आपापल्या पानावरचं बोट पुढच्या ओळीवर नेत होते.