धुळीतला मोहोर

औशाजवळच्या एका गावात दानम्मांच्या शेताच्या बांधावर एकच आंब्याचं झाड होतं. फळ लहान, पण साखरेसारखं. बाहत्तरच्या दुष्काळात भांडी विसळलेलं पाणी घालून त्यांनी ते जगवलं होतं. पुढं नवरा वारला, एकुलती लेक पार्वतम्मा उमरीला दिली. दर उन्हाळ्यात पाड लागला की लेक माहेरी यायची. बाकीचं वर्ष दानम्मांचं तिच्या वाटेकडं डोळे लावण्यातच जायचं.

लातूर जिल्हा झाला, रस्त्यांची कामं निघाली आणि गावच्या माळावर खडीची मशीन बसली. त्या थंडीत झाड मोहोरानं लगडलं, पण बघता बघता राखाडी झालं. थंडीत पावसाचा थेंब नाही, धूळ धुऊन निघेना. फुलांवर थर बसला, माश्या फिरकेनात. मोहोर काळवंडून गळू लागला.

दानम्मा मुकादमाकडं गेल्या. "सटवाजी, मोहोर हाय तवर तरी मशीन बंद ठेवा."

"जिल्ह्याचं काम हाय, अम्मा. माझ्या हातात न्हाई."

घरी येऊन त्यांनी जुनी लुगडी काढली आणि खालच्या फांदीवर बांधली. आत फुलं स्वच्छ राहिली, पण फळ धरेना. मग ध्यानात आलं, धुळीबरोबर माश्याही बाहेरच राहून गेल्या. बाजाराच्या दिवशी मशीन बंद असायची. त्या दिवशी दानम्मा लुगडी सोडून झाडाखाली बसल्या. दुपारपर्यंत फांदी गुणगुणू लागली. संध्याकाळी पुन्हा बांधली. पुढच्या बाजारीही तसंच केलं. त्या एका फांदीला मोजक्या कैऱ्या धरल्या. बाकी झाड रिकामंच.

उन्हाळ्यात उमरीहून निरोप आला, "यंदा आंबे न्हाईत म्हणं. कामं लई हायत, येत न्हाई."

दानम्मांनी गवतात पिकवलेले आंबे फडक्यात बांधले आणि एसटी धरली. फळं खुरटी, एका अंगानं चपटी. पार्वतम्मानं उभ्या उभ्याच एक चोखला.

"गोड हाय का गं?"

"लई गोड हाय, अव्वा."

दानम्मांनी वाटेत एक चाखला होता. आंबटढाण होता. त्यांनी लेकीच्या हनुवटीवरचा रस तेवढा पदरानं पुसला.

"पुढल्या साली चार दिस ये," त्या म्हणाल्या. "आंबे असू दे, नसू दे."

पार्वतम्मा मान हलवून आत चहा ठेवायला गेली. दानम्मा ओसरीवर बसून तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत राहिल्या.