खळ्यावरचा गाण्याचा तास

"गळा बरा आहे हो बाईंचा, पण ऐकायला जागं कोण असतं?"

शिवणाच्या बाई हे मोठ्या बाईंना सांगत होत्या आणि मी दाराबाहेर पेटी धरून उभी होते. मोठ्या बाई हसल्या नाहीत, हे जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "उद्या मी स्वतः ऐकते. मुली गायल्या तर ठीक, नाहीतर गाण्याचा हा शेवटचा तास शिवणाला घ्या तुम्ही."

मिरजगावातल्या त्या मुलींच्या शाळेत मला लागून वर्षही झालं नव्हतं. थंडीत मुली बऱ्या गायच्या. शिमगा झाला, ऊन चढलं आणि तास मेल्यासारखा झाला. ज्वारीची मळणी चालू होती. पहाटेपासून घरच्यांबरोबर राबून मुली शाळेत यायच्या, केसांत भुसकट तसंच. मी "सा" लावला की पुढची रांग पेंगायची, मागची खिडकीबाहेर बघायची. रागवायला मला जमत नसे. इंग्रजी शाळेत शिकले होते. तिथे वसंत आला की आम्ही फुलांवरची गाणी म्हणत असू. इथे त्याच दिवसांत काय म्हणावं, ते कुणाला विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच ठरवलं, वर्ग बाहेर न्यायचा. शाळेमागे एका शेतकऱ्याचं खळं होतं. सारवलेल्या जमिनीवर ज्वारीची रास, कडेला मोहरलेला कडुलिंब, गार सावली. मुली उड्या मारत निघाल्या. "बाई, रोज इथंच!" एक ओरडली. मला वाटलं, जिंकलं.

खळ्याच्या कडेला पोचलो आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. दोघीतिघींनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी काही न कळता चपला काढल्या. सावलीत बसलो, पेटी उघडली, सूर धरला. कुणी तोंड उघडेना. पट्टी उंच झाली असेल म्हणून खाली उतरले. तरी नाही. राशीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून तळहात हळूच खाली दाबला. माझं गाणं त्याला आवडलं नाही, असंच मी धरलं आणि कान तापले.

पण एकही मुलगी पेंगत नव्हती. सगळ्या ताठ बसून बघत होत्या. माझ्याकडे की राशीकडे, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

म्हाताऱ्याने पहिलं माप भरून पोत्यात ओतलं आणि तो पुटपुटला, "लाभ." "एक" असं म्हणाला नाही. दुसऱ्या मापाला मात्र सरळ "दोन". माझा गोंधळ वाढला.

शेजारची मुलगी माझ्या कानाशी आली. "बाई, रास मापून होस्तवर आवाज करायचा न्हाई. बरकत जाती."

"मग आधी का नाही सांगितलंस?" मीही कुजबुजले.

"तुमाला ठावं आसंल वाटलं. चपला काढल्या की तुमी."

मी भाता दाबून पेटी मिटली. तेवढ्यात शाळेच्या ओसरीवर मोठ्या बाई आल्या, मागे शिवणाच्या बाई. उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरून मोठ्या बाई आमच्याकडे बघत राहिल्या. लांबून काय दिसत असेल? मिटलेली पेटी, गप्प मुली, अनवाणी मास्तरीण. मुली आता माझ्याकडे बघत होत्या, हे नक्की. गा म्हटलं असतं तर कदाचित गायल्याही असत्या, माझ्यासाठी. म्हाताऱ्याचा हात मापावर थांबला होता.

मी उठले. चपला तिथेच राहिल्या. तापल्या मातीवरून ओसरीपर्यंत गेले. बोलायचं काय ते जुळवत होते, पण एकही वाक्य पुरं होईना. मोठ्या बाईंशी आजवर मी "हो बाई" याच्यापुढे गेले नव्हते.

"काय हो, मुली विसरल्या की काय गाणं?" शिवणाच्या बाई म्हणाल्या.

खळ्याकडे आवाज जाऊ नये म्हणून मी अगदी जवळ गेले. तरी तो मला वाटला त्याहून मोठा निघाला.

"आज त्या गाणार नाहीत. रास उचलली की गातील. आणि शेवटचा तास मला हवा आहे."