जुम्म्याचे लावे

आमच्या बल्लारपुरात कमरुद्दीनभाईंसारखा पिंजरा कोणी बांधत नाही, आणि त्यांच्याइतकी चुळबुळही कोणी करत नाही. तार वाकवताना चारदा उठतील, गल्लीत डोकावतील, परत बसतील. मागच्या महिन्यात तर एका पिंजऱ्याला दारच ठेवायचं विसरले. त्यांच्या हाताखाली काम करणारा मी हसलो, तर अंगावर आले.

या चुळबुळीचं कारण नंतर कळलं. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीच्या पोरीला, रूहीला, झटके यायचे. दवाखाना चालू होताच, पण भाईंनी सदकाही, म्हणजे बला टळावी म्हणून करायचं दान, सुरू केला. नागपूरच्या बाजारातून जपानी लावे, ती तित्तिरासारखी पाळीव पाखरं, आणायचे, दर शुक्रवारी त्यातले दोन पोरीवरून उतरवायचे आणि गावाबाहेरच्या झुडपांत सोडायचे. झटके थांबले, तरी भाईंनी सदका थांबवला नाही. सदक्याची वाच्यता केली की तो वाया जातो, ही भाईंची पक्की समजूत. त्यामुळे घराबाहेर कोणाला पत्ता नव्हता.

यंदा रंजीता मॅडम आल्या, पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या. त्यांनी झुडपांतले लावे जाळ्यात धरले, एकेक पीस घेऊन सोडून दिले. तपासणीत निघालं की रानातल्या लाव्यांत पाळीव जपानी रक्त मिसळलंय. असंच चाललं तर इथला मूळचा लावा नावापुरता उरेल, असं त्या म्हणाल्या. आसपास लावे पाळणारा एकटा खुशाल. त्याचेच सुटले असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याचा लावे पाळायचा परवाना जायची वेळ आली.

खुशाल भाईंच्या दुकानात येऊन बसला. "भाऊ, माहे पिंजरे तुमीच बांधले ना? एक तरी पाखरू निसटू शकते काय? सांगा ना मॅडमले."

भाई तार वाकवत राहिले. तीन दिवस धड जेवले नाहीत, बायकोवर, सुरय्याभाभींवर, उगाच खेकसले. चौथ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "गाडी काढ." वाटेत सगळं सांगितलं. मला राग आला. पाखरांना मोकळं करायला गेले आणि पाखरांचंच मूळ बिघडवून बसले! पण त्यांचा चेहरा पाहून गाडी चालवत राहिलो.

"खुशालचे नाईत ते, मीच सोडले," भाई मॅडमना म्हणाले. "दर जुम्म्याले दोन. त्याचे लावे हैदराबादहून आणलेले, माहे नागपूरचे. पिसं जुळवून पाहा."

मॅडम आधी चिडल्या, मग भराभर लिहून घेऊ लागल्या. "पण कशासाठी सोडलेत?"

"ते नाई सांगत."

परतताना "जल्दी चाल, जल्दी चाल" म्हणत मागून थापा मारून त्यांनी माझा खांदा दुखवला. घरी रूही अभ्यास करत बसली होती. भाई चपलांसकट तिच्यापुढे बसले.

"डोकं दुखते काय, बेटा?"

"नाई, नाना."

"चक्कर?"

"नाई ना!"

त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, बोटं उघडून पाहिली, पुन्हा मिटली.

"नाना," रूही म्हणाली, "तुमचेच हात थरथरून राह्यले."