पाण्यात काय दिसलं?

पेणहून निघताना बायकोने बॅगेत पोह्याचे पापड कोंबले आणि मी माझी डायव्हिंगची वही. अंदमानला चाललो होतो, आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं.

मी धरमतरच्या खाडीतला डायव्हर. जेटीचे खांब पाण्याखाली कुठे झिजले, कुठे तडकले ते बुडी मारून बघायचं. बघायचं म्हणजे चाचपायचं! गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही, आणि डोळे उघडे ठेवले तर उलट गरगरतं. म्हणून आम्ही सगळे डोळे मिटूनच काम करतो. वहीत प्रत्येक बुडीसमोर 'काय दिसलं' असा रकाना असतो. बावीस वर्षं मी त्यात लिहितोय, 'काही नाही'.

पन्नाशी झाली की पाण्यात उतरायचं नाही, हा आमच्या ठेकेदाराचा नियम. मला दोन महिने उरले होते. माझी बायको सुनंदा रोह्याची, तोंडाने फटकळ. म्हणाली, "अवो, बावीस वर्सं पान्यात जाता न् येक मासा नाय बगितला? लोकांना सांगायची लाज वाटते मना."

बेटावर बोटीतून उतरलो आणि सुनंदा जेटीवरूनच ओरडली, "अवो, तळ दिसतंय!" मी सवयीने आधी जेटीचे खांब बघितले. बरे होते.

मला खोल पाण्यातलं प्रवाळ बघायचं होतं, पण तिथे फक्त अनुभवी डायव्हरला नेतात. पहिलं दुकान चकचकीत. काउंटरवरच्या पोराने वही चाळली आणि हसला. "अंकल, इसमें तो कुछ दिखा ही नहीं! ये अनुभव थोड़ी है." मग म्हणे नवशिक्यांची बुडी घ्या, आमचा माणूस हात धरून नेईल, फोटो फुकट. माझं डोकंच फिरलं. हात धरणार म्हणे, माझा!

दुसऱ्या दुकानदाराने वही उघडलीसुद्धा नाही. "कल सुबह, सर, सबसे गहरा!" सुनंदा खूश. मी मात्र मागच्या बाजूला गेलो. बाटल्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर तिथे होता, आणि त्याचं हवा ओढणारं तोंड जनरेटरच्या धुराड्याशेजारी. म्हणजे हवेबरोबर धूरही भरत होते! मी सुनंदाला बाहेर काढलं.

"पन तो नेतो म्हनतोय ना?"

"नेईल गो. परत आणेल का, ते विचार."

दुपारी सुरमईचं कालवण आणि भात समोर होता, तरी मी दिवसच मोजत बसलो. हातात दोन दिवस उरले होते. इतक्या लांब येऊन कोरडंच परत जायचं?

संध्याकाळी किनाऱ्याच्या टोकाला तिसरं दुकान सापडलं. आमच्याच वयाची मालकीण, सगळे तिला दीदी म्हणत, स्वतः गोड्या पाण्याने नळ्या धूत बसली होती. कॉम्प्रेसरचा पाइप उंच बांबूला बांधलेला. बोटीतली, अडीअडचणीसाठी ठेवलेली ऑक्सिजनची पेटी तिने न विचारता उघडून दाखवली. मग बसून वहीचं पान न् पान बघितलं.

"हर जगह 'काही नाही'. मतलब?"

"मतलब, कुछ नहीं."

"तो काम कैसे करते हो?"

"हाथ से."

तिने वही मिटली. "दिखना बंद हो तो आप घबराओगे नहीं. फिर भी पहले उथले पानी में देखूँगी."

"देखो ना!" मी म्हटलं. न बघता नेलं असतं तर मीच गेलो नसतो.

सकाळी उथळ पाण्यात तिने मास्क काढायला लावला, घालायला लावला, तोंडातली नळी टाकून शोधायला लावली. तिची खूण पुरी व्हायच्या आत माझं काम झालेलं! वर आल्यावर म्हणाली, "भैया, कल गहरे में चलेंगे." छाती अशी फुगली की जॅकेट घट्ट झालं.

दुसऱ्या दिवशी दोर धरून खाली निघालो. कान मोकळे, श्वास संथ, सगळं झकास चाललं होतं. एवढ्यात माझ्या मास्कच्या काचेवर टकटक झाली.

आई शप्पथ, मी डोळे मिटून उतरत होतो!

उघडले. दीदी समोर होती, आणि तिच्या मागे निळं पाणी लांबवर दिसत होतं. खाली प्रवाळ, पिवळं, जांभळं. गणपतीच्या आदल्या दिवशी पेणच्या बाजारात असते तेवढी गर्दी, फक्त माशांची. आणि माझा हात! पाण्यात माझा हात मला दिसत होता, बोटावरच्या जुन्या व्रणासकट. मी रडलो. मास्कमधलं पाणी फुंकून काढायला मला चांगलं येतं, ते कामी आलं.

बोटीवर सुनंदा वाटच बघत होती. "काय दिसला?" मी वही घेतली आणि लिहीत सुटलो. रकाना भरला, समास भरला, पुढचं पान भरलं. सुनंदाने ते सगळ्या बोटीला मोठ्याने वाचून दाखवलं. कुणाला मराठी कळत नव्हतं, तरी टाळ्या पडल्या. पापड सगळे दीदीला दिले.

परतताना पेणच्या स्टँडवर उतरेपर्यंत सुनंदाने एसटीत शेजारच्या बाईला माझा एकेक मासा सांगून संपवला होता.

पुढच्या महिन्यात धरमतरला शेवटची बुडी मारली. खांब चाचपला, ठीक होता. वर येऊन वही उघडली आणि 'काय दिसलं' पुढे लिहिलं, 'काही नाही'. मग त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. 'डोळे उघडे होते.'