ताशी सहा किलोमीटर

पांढरीपांडे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते स्वतःच्याच टपालपेटीच्या खांबावर दोर फेकत होते. २००३ सालचा एप्रिल होता. ॲन आर्बरमधला बर्फ नुकता वितळला होता, आणि लग्न होऊन मला तिथे येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती आणि गाडी मला चालवताच येत नव्हती, त्यामुळे त्याच दोन-तीन रस्त्यांवरून मी दिवसभर चकरा मारायची. अशाच एका चकरेत हे दृश्य दिसलं. ऑफिसातल्या चाकांच्या खुर्चीत एक बाई शाल गुंडाळून बसल्या आहेत, एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ ती खुर्ची ड्राइव्ह-वेवरून मुंगीच्या पावलांनी ढकलताहेत आणि जाता जाता दोर टाकताहेत. दोर दर वेळी खांबाच्या अलीकडेच पडत होता.

"अहो, मला फ्रान्सला नेताय की हॉस्पिटलात?" बाई खणखणीत पुणेरी मराठीत म्हणाल्या.

मराठी ऐकून माझे पाय आपोआप थांबले. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. "समजून राहिलं ना तुला? मग तिथं जाऊन उभी राहा. आजपासून तू दारवान."

ना नाव, ना गाव. मला इतक्या झटपट नोकरी देणारा अमेरिकेतला तो पहिलाच माणूस. मी निमूटपणे खडूने आखलेल्या रेघेवर जाऊन उभी राहिले.

काका नागपूरचे. साठच्या दशकात शिकायला म्हणून आले आणि डेट्रॉइटकडच्या एका मोटार कंपनीत तीस वर्षं ब्रेकच्या विभागात होते. ऑफिसातल्या गोऱ्यांना 'पांढरीपांडे' झेपेना, त्यांनी पॅन्डी करून टाकलं. काकांना त्याचं काही नव्हतं, पण ब्रेकबद्दल कोणी कमी बोललेलं मात्र खपत नसे. "गाडी पळवणारे ढिगानं मिळतात बाप्पा," ते म्हणायचे, "थांबवणारा एखादाच." एवढं असून स्वतः काकांना थांबणं अजिबात जमत नसे. चहा गाळेपर्यंत ते स्वयंपाकघरात चार फेऱ्या मारायचे. "घाई कोणाला आहे?" हे त्यांचं पालुपद, आणि ते म्हणताना नजर हातातल्या घड्याळावर.

फ्रान्सचं खूळ निघालं होतं सुधाकाकूंच्या डोळ्यांमुळे. हे मला पहिल्याच आठवड्यात काकूंनी पोहे परतता परतता सांगून टाकलं. ज्या वस्तूकडे सरळ बघावं ती मधोमध पुसली जायची, फक्त कडेचं दिसायचं. डॉक्टर म्हणाले होते, फार तर तीन-चार वर्षं, मग नुसता उजेड आणि अंधार. काकूंना जन्मभर एकच हौस, खिडकीशी बसून बाहेर बघायचं. पण आता गाडीतून काही दिसेना. मान तिरकी करून नजर लावेपर्यंत झाड मागे गेलेलं असायचं. एकदा प्रवासात काका "ते बघ, ते बघ" करत राहिले, तेव्हा काकू म्हणाल्या, "गेलं ते. तुम्ही सांगता तेव्हा ते गेलेलं असतं."

ते वाक्य काकांच्या जिव्हारी लागलं. पुढचे सहा महिने त्यांनी जगातलं सगळ्यात हळू चालणारं वाहन शोधण्यात घालवले. अखेर सापडलं. फ्रान्समधल्या जुन्या कालव्यांवर भाड्याने बोट मिळते, लायसन्स लागत नाही, आतच झोपायचं, रांधायचं, आणि वेग ताशी सहा किलोमीटर. जमीन चढाची असली की वाटेत लॉक लागतं, म्हणजे दोन दारांचा हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदात पाणी सोडायचं. बोट वर आली की पुढचं दार उघडायचं. दारं उघडायला दारवान असतो, तोवर आपण काठावरच्या खुंटाला दोर अडकवून बोट धरून ठेवायची. खुंट म्हणजे टपालपेटी, बोट म्हणजे खुर्ची आणि दारवान म्हणजे मी. तालीम वर्षभर चालली. कुत्री फिरवायला येणारे शेजारी आधी थांबून बघायचे, मग लांबून जाऊ लागले.

निघायच्या आदल्या आठवड्यात काकांनी मला कॉम्प्युटरवर त्यांचा एक्सेलमधला तक्ता दाखवला. अकरा दिवस, बासष्ट लॉक, प्रत्येकाला बारा मिनिटं. एका रकान्यात लिहिलं होतं, "१०.४० ते १०.५५ : निसर्ग बघणे."

"काका, पंधराच मिनिटं?"

"मग काय दिवसभर? पुढे लॉक आहे ना."

काकू आतून म्हणाल्या, "सावकाश जायचीसुद्धा यांना घाई आहे."

बासष्ट लॉकचा हिशेब करताना या ब्रेकवाल्या इंजिनियरला दारवान जेवतो हे सुचलंच नव्हतं. तिथे बारा ते एक दारं बंद. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजून तीन मिनिटांनी ही बोट दारापाशी पोहोचली, तर दारवान मांडीवर रुमाल पसरून अंगणात जेवायला बसलेला. काका तक्त्याचा कागद घेऊन उतरले. त्याने तो शेवटपर्यंत वाचला, फार छान आहे अशा अर्थाची मान हलवली, परत दिला आणि घरातून आणखी दोन खुर्च्या आणल्या. काकांनी तासभर येरझारा घातल्या. एक वाजता त्यांनी काकूंना हात दिला, तर काकू जागच्या हलेनात. दारवानाच्या भिंतीवर घेवड्याचा वेल होता. "तासभर एकाच वेलाकडे बघायला मिळालं," त्यांनी परत आल्यावर मला सांगितलं. "मान तिरकी केली तेव्हा आधी पानं दिसली. मग खूप वेळाने फुलं. जांभळी होती गं."

आणि काकांनी काय करावं? त्याच संध्याकाळी तक्ता दुरुस्त केला. "१२ ते १ : घेवडा." पुढच्या नऊ दिवसांत आणखी कुठे घेवडा भेटला नाही, पण रकाना तसाच राहिला. मला त्यांनी हे सगळं सांगितलं ते तक्रारीच्या सुरात, "त्या लोकांना कामाची काही पडलेलीच नाही बाप्पा," आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, "सुधाला फुलं दिसली."

२००६ पर्यंत डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. काकूंना दिव्याची बाजू तेवढी कळायची. मी एव्हाना काकांच्याच शिकवणीने गाडी चालवायला लागले होते, पहिला धडा अर्थातच ब्रेकचा. त्या उन्हाळ्यात काकूंनी पुन्हा फ्रान्सचा धोशा लावला आणि या खेपेला काका मागे सरले. गॅरेजमध्ये दोराची गुंडाळी करता करता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय दाखवू मी तिला आता?"

"दाखवू नका. सांगा."

"मला वर्णन नाही येत पोरी. मी रिपोर्ट लिहिणारा माणूस."

तरी गेले. परत आल्यावर मी विचारलं, काकांनी काय काय सांगितलं? काकूंनी नवऱ्याची हुबेहूब नक्कल केली. "डावीकडे झाड, साठ फूट. उजवीकडे गाय, एक. पुढे चर्च, दुरुस्तीला आलेलं. पाणी हिरवं. झाड, चाळीस फूट." मी हसून लोळायची बाकी राहिले. "अकरा दिवस हेच," काकू म्हणाल्या. "हे कवी असते तर मी दुसऱ्या दिवशीच उडी मारली असती."

काका गोरेमोरे झाले. "खोटं कशाला सांगू? होतं तेवढं सांगितलं." पण त्या अकरा दिवसांत तक्ता नेलाच नव्हता, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत ते काकूंच्या शेजारी बसून बोलत होते. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं कधी बोलले नव्हते.

२००८च्या फेब्रुवारीत काका गेले. हृदयाचा झटका; हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोहोचले नाहीत. त्या आठवड्यात मी खूप रडले, माझ्या माहेरच्यांना फोनवर कळेना की ही कोणासाठी एवढी रडते आहे. त्या परक्या गावात मला आधी कामाला लावणारा आणि मग आपली म्हणणारा माणूस गेला होता.

काकूंचा मुलगा सनीव्हेलला असतो. मे महिन्यात तो त्यांना न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला म्हटलं, "नदीवर नेतेस?" हुरॉन नदीच्या काठाला बाक आहेत. मी त्यांना हात धरून तिथे बसवलं. त्यांनी चेहरा पाण्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "सांग."

मी मनापासून सांगायला लागले. कोवळी पालवी फुटली आहे, ऊन पाण्यावर हलतंय, वाऱ्याने एक फांदी पार खाली वाकून पाण्याला टेकली आहे, तिचं प्रतिबिंब थरथरतंय. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"ते राहू दे. झाड किती फूट?"

मला आजवर कसल्याच उंचीचा अंदाज आलेला नाही. तरी मी वर शेंड्याकडे बघितलं.

"डावीकडे झाड," मी म्हणाले. "पंचेचाळीस फूट."

"हं," काकू बाकाला टेकून बसल्या. "आता पुढचं."