टाकीतली ओहोटी

अंगात येणं, उतारे, बाहेरची बाधा… आमच्या घरात यातलं काही चालत नव्हतं, हे आधीच सांगते. छपन्न साली बाबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि परत आल्यावर देव्हाऱ्याबरोबर हे सगळंही घराबाहेर काढलं. पुढे मी प्राणिशास्त्र शिकले, तेव्हा उरलासुरला संशयही गेला. तरी हे लिहिते आहे, कारण ते मी भर दिवसा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

साठीच्या दशकाची सुरुवात. अमरावतीच्या एका कॉलेजात मी नुकतीच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. राजापेठेत खोली होती, शनिवारी बसनं अकोल्याला घरी जायचं. लॅबच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली आमच्या विभागप्रमुख सरांनी काचेची मोठी टाकी मांडली होती — खाऱ्या पाण्याची. सर मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नव्हता (मीही पाहिला नव्हता) आणि नुसत्या चित्रांवरून समुद्री प्राणी शिकवणं सरांच्या जिवावर यायचं. दिवाळीच्या सुट्टीहून परतताना त्यांनी बरण्यांमध्ये समुद्राचं पाणी आणलं, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून एक दगड.

दगड म्हणायचा, पण जिवंत. त्यावर स्पंज होते, नळ्यांत राहणारे किडे होते, आणि एका खोबणीत समुद्रफूल. नाव फुलाचं, असतो प्राणी. पाण्यात ठेवल्यावर ते सावकाश उमललं, तेव्हा सगळा वर्ग टाकीभोवती गोळा झाला होता.

दोन-तीन दिवसांतच पाणी दुधाळ झालं. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. प्रवासात दगडावरचे जे जीव मेले होते ते आता कुजत होते, आणि त्यांच्या कुजण्यानं जिवंत होते तेही मरायला लागले. मी चिमट्यानं मेलेला स्पंज खरवडून काढला. हवेचा पंप सतत चालू ठेवला. रोज थोडं पाणी काढून तेवढंच बरणीतलं ताजं घालायचं. रसायनवाल्यांकडून अमोनिया तपासून घ्यायचा — परीक्षानळीतलं पाणी रोज गडद पिवळं, म्हणजे अमोनिया भरपूर. शेवटी बरण्या संपल्या. विहिरीच्या पाण्यात खडेमीठ घालून पाहिलं, तर नळीतले किडे आक्रसून बाहेर पडले. तो नाद सोडला. समुद्रफूल मिटून सुपारीएवढं झालं होतं.

"आता हात टेकले, सुमनबाई," सर म्हणाले. एवढा हताश त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधला शिपाई तुळशीराम स्टाफरूमच्या दारात आला.

"म्याडम, टाकीतलं पानी कमी होऊन राहिलं. म्या हात नाही लावला."

जाऊन पाहिलं. पाणी चार बोटं खाली होतं आणि दगडाचा माथा उघडा पडला होता. टेबल कोरडं, फरशी कोरडी. मी काचेवर पेन्सिलीनं खूण केली आणि तिथेच स्टूल ओढून बसले. पाणी आणखी उतरलं… डोळ्यांना दिसेल असं नाही, पण खूण सोडून खाली गेलं खरं. दुपारी थांबलं. मग चढायला लागलं. कॉलेज सुटायच्या वेळी ते पुन्हा पहिल्या पातळीला होतं. टाकीजवळ कोणी फिरकलं नव्हतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "उडालं असेल हो."

"उडालं तर परत कसं आलं, सर? आणि खारटपणा वाढायला हवा. मी हायड्रोमीटर लावला, तेवढाच आहे."

नंतरचे काही दिवस सरच माझ्याशेजारी स्टूल टाकून बसले. पाणी रोज उतरायचं, रोज भरायचं, पण वेळ रोज थोडी पुढे सरकायची. एका दुपारी ते अगदी हळू म्हणाले, "ही ओहोटी आहे, सुमनबाई. आमच्या खाडीत अशीच लागते."

एव्हाना वास गेला होता. परीक्षानळीतला पिवळेपणा उतरत उतरत नाहीसा झाला. समुद्रफूल पुन्हा उमललं. जे ताजं पाणी आम्हाला मिळत नव्हतं, ते कुठून तरी येत होतं आणि जुनं निघून जात होतं. घाबरावं असं मला एकदाही वाटलं नाही. वाटायचं ते एवढंच — कसं?

बाबा अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. घरी हे ऐकल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "भोक असंन कुठी तरी. मले दाखव." सुट्टी काढून ते अमरावतीला आले. सरांना नमस्कार करून त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. टाकीचे सांधे बोटांनी चाचपले, खाली वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरले आणि समोर बसून राहिले. पाणी उतरलं. कागद कोरडेच. पाणी चढलं, तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

बस स्टँडकडे जाताना बाबा म्हणाले, "तू हे लोकायले सांगशीन का?"

"तुमी म्हनता तसं करतो, बाबा."

"सांग ना. कावून नाही सांगाचं? जे पायलं ते पायलं. पन त्याले नाव देऊ नको. नाव देलं का लोकं नारळ घेऊन येतीन."

आम्ही नाव दिलं नाही. हिवाळाभर पोरांनी त्या टाकीवर प्रॅक्टिकलं केली. कोणी विचारलं की पाणी कमी का आहे, तर सर मोकळेपणानं म्हणायचे, "माहीत नाही. मोजून ठेवा."

मार्च संपता संपता उन्हं तापली. इथल्या उन्हाळ्यात ते जीव जगणं शक्य नव्हतं, म्हणून सर तो दगड दुधाच्या कॅनमध्ये घालून परत रत्नागिरीला घेऊन गेले. टाकीत पाणी तसंच ठेवलं. ते नंतर टाकून देऊ, म्हणून मी लॅबला कुलूप लावलं आणि परीक्षांच्या कामाला लागले. किल्ली माझ्याचकडे होती.

सर परत आले त्या दिवशी आम्ही दोघांनी कुलूप उघडलं. टाकी रिकामी होती. एक थेंब नाही. भिंती, दारं, फरशी सगळं जागच्या जागी.

अमरावतीच्या उन्हात पाणी आटतं, हे मान्य. पण समुद्राचं पाणी आटलं की मीठ मागे राहतं. एवढ्या पाण्याचा तर चांगला थर जमायला हवा होता. आमच्या टाकीची काच धुऊन ठेवल्यासारखी लख्ख होती. मी बोट ओलं करून तळावर फिरवलं आणि जिभेला लावलं. सरांनीही लावलं.

खारटपणाचा मागमूसही नव्हता. का नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही.