माझ्या वाट्याची आवणी

ज्या वर्षी माझा गुडघा फाडून शिवला, त्या वर्षीची आवणी, म्हणजे भातरोपांची लावणी, मी ओट्यावर बसून पाहिली. त्याची मला तेव्हा फार लाज वाटली. आता लाज वाटते ती त्या लाजेचीच.

उन्हाळ्यात मळवली स्टेशनात गवत पोचवायला बैलगाडी घेऊन गेलो होतो. फाटकापाशी इंजिनाची शिट्टी झाली, बैल बुजले आणि मी शहाण्यासारखी उडी टाकली. पाय चाकोरीत रुतून बसला, वरचा मी तेवढा फिरलो. गुडघ्यात कट्कन वाजलं. त्यानंतर चालता चालता गुडघा मधेच निसटायचा आणि मी भर रस्त्यात बसकण मारायचो. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आत हाडांना बांधून ठेवणारा बंध तुटलाय, शिवावा लागेल. त्यांनी तो शिवला, प्लास्टर घातलं आणि पावसाच्या तोंडावर ते काढलं.

आतून जो पाय निघाला तो वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा होता. डॉक्टर म्हणाले, माझं काम झालं, आता उरलेलं तुझं. रोज दोन्ही वेळा खाटेच्या कडेला बसायचं, पावलाला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा, मग हळूहळू वाकवायचा. दर महिन्याला येऊन दाखवायचं. आणि दिवाळीपर्यंत चिखलात उतरायचं नाही. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघून सांगितलं. माणूस हुशार होता.

बायकोनं सगळं मनावर घेतलं. जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, इंद्रायणीची वाळू आणून भरली, खाट ओट्यावर काढून दिली आणि स्वतः पावसाचं इरलं डोक्यावर घेऊन भातखाचरात उतरली.

खरी पंचाईत इथून सुरू झाली. पायाला प्लास्टर होतं तोवर गावात माझा मान होता. लोक बघायला यायचे, हळहळायचे. जखम भरली आणि मान संपला. बायको गुडघाभर चिखलात वाकलेली आणि नवरा खाटेवर बसून पाय वरखाली करतोय, हे बघून कोण हळहळणार? वाटेनं जाणाऱ्या बाया इरल्याआड हसायच्या. एकानं तर विचारलं, झोका बांधून देऊ का. मी पण हसलो, पण आतून जळून गेलो. मग कुणी येताना दिसलं की मी पिशवी खाटेखाली सारू लागलो. पुढे पुढे तर ती खाटेखालीच राहायला लागली.

आमच्याकडे आवणीला इर्जिक असायची. आज सगळे मिळून तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. माझं खाचर लोकांनी लावून दिलं होतं आणि मी मात्र कुणाच्याच बांधावर गेलो नव्हतो. आळीतल्या आबांची आवणी ज्या दिवशी निघाली, नेमका त्याच दिवशी मला पुण्याला दाखवायला जायचं होतं. बायकोनं भाकरी बांधून दिली. मी फाटकापर्यंत गेलोही. तिथे उभं राहून मनाशी म्हटलं, जखम तर भरली, आता त्यांना दाखवायचं काय? आबांचं खाचर रस्त्यालाच होतं. माघारी वळलो, धोतर खोचलं आणि रोपांची मूठ हातात घेऊन उतरलो.

लोकांनी कौतुक केलं. घटकाभर मलाही पुन्हा माणसांत आल्यासारखं वाटलं. मग रुतलेला पाय उपसताना गुडघ्यात तोच आवाज झाला.

मला बांधावर आणून बसवलं. बायको दुसऱ्या टोकाला लावत होती, ती हातातली रोपं तशीच घेऊन आली. आबा माझ्याशेजारी टेकले आणि हळूच म्हणाले, "आरं, तू कशाला उतरलास? तुझा वाटा कवाच फिटला व्हता. ही रोज पाटंचं येऊन माझी रोपं उपटून देत व्हती, तुझ्या बदल्यात. तुला सांगू नका म्हनली, तुला कमीपना वाटंल म्हनून."

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. रोज पहाटे ती कुठे जाते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुण्याचे डॉक्टर रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. आता पुन्हा शिवण्यात अर्थ नाही, पाय इतपतच वाकेल आणि जपून चालावं लागेल, एवढं सांगून त्यांनी पुढचा रोगी बोलावला. परतीच्या गाडीत तळेगाव मागे पडलं. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"तुमाला लोकांची लाज वाटली. माझी न्हाई वाटली."

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता, ती नुसती दमलेली होती.

त्यानंतरच्या सगळ्या आवण्या तिनं दोघांच्या वाट्याच्या केल्या. मी ओट्यावर बसून पिशवी उचलायचो, सगळ्यांच्या देखत, त्या उचलण्याचा काही उपयोग उरला नव्हता तरी. वाटेनं बाया जायच्या. आता कुणी हसत नव्हतं.